पान बदललं का?

आत्याच्या हातांना खळीचा वास असायचा. साबणाने कितीही धुतले तरी तो पुरता जायचा नाही. सकाळी ती माझी वेणी घालायची तेव्हा तो माझ्या केसांत उतरायचा आणि दिवसभर माझ्याबरोबर शाळेत बसायचा.

खळ ती स्वतः शिजवायची. न्यायालयाच्या ग्रंथालयामागे एक अरुंद व्हरांडा होता. तिथे विजेची शेगडी, आणि शेगडीवर काठ काळे पडलेलं पातेलं. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी मोडेपर्यंत ढवळत राहायचं, आणि पातेलं उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे पुस्तकांना कसर लागत नाही. बाजारात डिंकाच्या बाटल्या मिळायच्या, पण डिंकाने कागद पिवळा पडतो असं तिचं म्हणणं. वकील मंडळी तिला खळबाई म्हणत. पहिल्यांदा कुणीतरी चेष्टेने म्हणालं असेल. पुढे तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायला लागलं.

कायदा बदलला तरी पुस्तक लगेच बदलत नाही, हे मला तिच्यामुळे लहानपणीच कळलं. संसदेत दुरुस्ती झाली की सरकारी छापखान्यातून चिठ्ठ्यांचे गठ्ठे यायचे. एकेका चिठ्ठीवर एकेका कलमाचा नवा मजकूर. त्या कापायच्या आणि प्रत्येक न्यायालयाच्या प्रत्येक पुस्तकात त्या त्या कलमावर लावायच्या. संगणक आले, पण न्यायाधीशांच्या टेबलावर अजून पुस्तकच होतं, आणि त्या पुस्तकात आत्याचा हात होता.

लावायची एक रीत होती. चिठ्ठी सगळीकडून चिकटवायची नाही. फक्त डाव्या कडेला बोटभर खळ फिरवायची, म्हणजे चिठ्ठी उचलून खालचा जुना मजकूर वाचता येतो. ज्याने गुन्हा जुन्या कायद्याच्या वेळी केला, त्याचा न्याय जुन्या मजकुराने व्हायचा असतो. आत्या त्या चिठ्ठीला पापणी म्हणायची. "पापणी मिटली पाहिजे तशी उघडली पण पाहिजे," असं ती कामाला लागलेल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायची, आणि नुसत्या नखाने उचलून दाखवायची.

खळ लावायचा ब्रश मात्र ग्रंथालयाचा नव्हता. तो काकाचा होता.

काका म्हणजे बाबांचा आणि आत्याचा धाकटा भाऊ. तो पाट्या रंगवायचा. सगळं गाव त्याला पेंटर म्हणायचं, घरातसुद्धा. त्याचं दुकान आमच्याच घराला लागून होतं, एका शटरएवढं. मी त्याला पाहिलेलं आहे म्हणतात, पण मला आठवतो तो फक्त टर्पेंटाइनचा वास आणि उंचावरून येणारी शीळ.

रस्ता रुंद करायचा म्हणून दुकानांच्या पायऱ्या काढायच्या होत्या. त्याची नोटीस लावायला एक अधिकारी आला, मोठ्या मिशीचा. काकाने त्याच सकाळी शटरवर नमुन्याचं चित्र काढलं होतं, सूर्यफुलांचं शेत. रंग ओला होता. अधिकाऱ्याने नोटीस बरोबर त्या शेतावर थापली. काका म्हणाला, साहेब, जरा बाजूला लावा, भिंत मोकळी आहे. साहेब म्हणाले, सरकारला कुठे लावायची ते तू शिकवणार का? आणि गेले. दुपारपर्यंत नोटिशीवर एक गाढव उभं होतं. गाढवाला तीच मिशी होती. आख्खी गल्ली बघायला आली, हसून हसून लोकांनी भिंतींना हात टेकले, आणि त्या हसण्यानेच काम बिघडलं. नुसती नोटीस खराब झाली असती तर साहेबांनी कदाचित दुसरी लावली असती.

सरकारी नोटीस फाडणे, झाकणे, विद्रूप करणे. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. फार जुनं कलम होतं ते, कुणाच्या तरी आजोबांच्या काळातलं, तेव्हाच्या सरकारला भिंतीवरच्या कागदांची भीती वाटत असणार. साहेब हट्टाला पेटले होते. सुनावणीच्या सकाळी आत्याने काकाचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला आणि हाक मारली. अंथरूण घडी घातलेलं होतं. शर्ट खुर्चीवरच राहिला.

तो सीमेपलीकडे कुठेतरी गेला. त्याच्या नावाचं वॉरंट निघालं आणि निघालेलंच राहिलं. बाबा आजही म्हणतात, "तेव्हाच हजर राहिला असता तर कधीच सुटून आला असता. आता बघ, दोन वर्षं चुकवायला जन्म घालवला गाढवाने."

"गाढवाने नाही, गाढवापायी," आत्या म्हणायची.

"तूच लाडावून ठेवलास."

"मग काय, तुझ्यावर सोडायला हवा होता?"

काकाचा फोन यायचा, रविवारी दुपारी, कधी महिन्याने तर कधी वर्षाने. दर वेळी नंबर वेगळा. कुठे आहेस हे आत्या विचारायची नाही आणि तो सांगायचा नाही. पहिलं वाक्य मात्र ठरलेलं. आत्या न्यायालयात काय काम करते हे त्याला माहीत होतं. तो विचारायचा, "काय ताई, माझं पान बदललं का?"

"नाही रे पेंटर. आहे तसंच आहे."

मग दोघं जेवणाखाणाचं, तब्येतीचं बोलायची. फोन ठेवल्यावर आत्या थोडा वेळ फोनजवळच बसायची, जणू पलीकडे तो अजून जागेवरून उठलेला नाही.

ब्रश त्याने मागे टाकलेल्या सामानातला. पाट्यांची मोठी अक्षरं भरायचा चपटा, रुंद ब्रश. रंग वाळून दगड होईल म्हणून आत्याने तो आधी रॉकेलमध्ये धुतला, मग वापरायला काढला. वापरात असलेली वस्तू मरत नाही, असं काहीतरी तिच्या मनात असावं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

मी एम.ए.ला असताना अभ्यासाला त्याच ग्रंथालयात बसायचे. शांत असायचं आणि पंखा चालायचा. त्याच वर्षी दंडसंहितेची मोठी दुरुस्ती झाली. पिढ्यान्‌पिढ्या कुणी हात न लावलेल्या शिक्षा आणि दंड एकदम बदलायचे होते. वाचनाच्या खोलीत वकिलांना दुसरा विषय नव्हता. तिथे एक म्हातारे वकील रोज यायचे. प्रत्येक खटल्यात पुढची तारीख मागून घेण्यात त्यांचा हातखंडा होता, म्हणून सगळे त्यांना तारीखसाहेब म्हणत.

"विहिरीत घाण टाकणाऱ्याला जो दंड आहे ना," ते सांगत होते, "त्याच्या पावतीचा कागद त्या दंडापेक्षा महाग आहे. सरकार दर गुन्ह्यामागे नुकसानीत. त्यापेक्षा गुन्हेगाराला चहा पाजून घरी पाठवावं."

"आणि चहाचे पैसे?" कुणीतरी विचारलं.

"ते तुम्ही द्या. माझी पुढची तारीख धरा."

दंड वाढणार होते, आणि किरकोळ गोष्टींसाठी असलेला तुरुंग जाणार होता. कोणकोणत्या कलमांतून, ते लोक यादीसारखं सांगत सुटायचे. आत्या टेबलाशी कात्री घेऊन बसलेली असायची. कुणी तिच्याकडे वळून काही सांगू लागलं की ती हात वर करून थांबवायची. "मला चिठ्ठी येईल. चिठ्ठी आली की बघेन."

गठ्ठे आले. सुतळीने बांधलेले, शाईचा वास येणारे. तारीखसाहेब म्हणाले की पुढच्या वर्षी सगळं पुस्तकच नवं छापणार आहेत, म्हणजे ही शेवटची मोठी चिकटवणी. आत्या "असेल" म्हणाली आणि सुतळी सोडून गुंडाळून ठेवली.

ती क्रमाने काम करायची. पहिलं कलम, सगळ्या पुस्तकांत. मग दुसरं. पुढचा गठ्ठा उघडून बघायचा नाही. एकदा मी म्हटलं, "आत्या, मी काढून बघू का काकाचं?"

"गठ्ठा विस्कटतो," ती म्हणाली. पण ब्रश पातेल्याच्या काठावर निथळायला ठेवला होता तो तिने विनाकारण पुन्हा बुडवला.

काकाच्या कलमाची चिठ्ठी एका अगदी साध्या दुपारी आली. बाहेर कुणीतरी सायकलला घंटी लावत होतं आणि ती पुन्हा पुन्हा वाजवून बघत होतं. आत्याने चिठ्ठ्यांचा कागद समोर घेतला, कात्री लावली, आणि थांबली. मग कात्री बाजूला ठेवून कागद माझ्याकडे सरकवला.

सक्तमजुरी गेली होती. नुसता दंड उरला होता. दोन-चार पाट्या रंगवण्याची मजुरी, एवढाच.

"मोठ्याने वाच," ती म्हणाली.

मी वाचलं.

"पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. ती उठून व्हरांड्यात गेली. हात स्वच्छ होते तरी तिने ते धुतले, पदराला पुसले आणि परत येऊन कापायला बसली. त्या दिवशी लावलेल्या पापण्या मी नंतर पाहिल्या. एकही वाकडी नव्हती.

त्या आठवड्यात घरात हालचाल सुरू झाली. दुकानामागच्या खोलीतली गादी उन्हात आली. खिडकीचा मोडका कोयंडा सुताराकडून दुरुस्त झाला. तो जुना शर्ट पेटीतून निघाला, धुतला गेला, आणि आत्याने तो दोन्ही हातांनी खांद्यांशी धरून बघितला.

"आता पोटावर बसणार नाही," बाबा म्हणाले.

"तुला काय माहीत त्याचं पोट?"

"माझाच भाऊ आहे. माझं बघ."

"अजून काही नक्की नाही," आत्या म्हणाली. "शेवटची चिठ्ठी यायची आहे."

शेवटची चिठ्ठी म्हणजे काय, हे मला नंतर समजलं. प्रत्येक दुरुस्तीला एक शेवटचं कलम असतं. नवा कायदा केव्हापासून, आणि कुणाला, ते त्यात लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तो पुढच्यांनाच लागू होतो. म्हणून तर पापणी लावायची. पण कधीकधी, शिक्षा हलकी झालेली असली तर, सरकार मागच्यांनाही सवलत देतं. आत्याने तशा चिठ्ठ्या आपल्या हाताने लावल्या होत्या. तिची सगळी आशा आता त्या एका चिठ्ठीवर होती, आणि ती चिठ्ठी क्रमाने सगळ्यात शेवटी होती. मधली कलमं तिने त्याच गतीने केली. ना भराभर, ना रेंगाळत. मी मात्र पुस्तकातली ओळ सोडून तिच्या हाताकडे बघत बसायचे.

शेवटची चिठ्ठी आली तेव्हा तारीखसाहेब समोर पेपर वाचत होते. आत्याने ती वाचली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "वकीलसाहेब, मला नीट समजत नाही. बघता का?"

तिला नीट समजलं होतं. पण दुसऱ्याने वाचल्यावर वेगळं निघेल, असं वाटायला माणसाला बंदी नाही.

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "हा कायदा लागू होण्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना पूर्वीचीच शिक्षा." मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. काकाची गोष्ट त्यांना ठाऊक होती. गाढव बघायला आलेल्यांत तेही होते. "खळबाई, कागदावर जुनंच राहिलं हो. पण ऐका. दोन वर्षांपर्यंत असं आहे त्यात. पर्यंत. आज कुठला न्यायाधीश गाढवापायी माणूस आत टाकतोय? त्याने यावं, उभं राहावं, चुकलो म्हणावं. मी उभा राहतो बरोबर. आणि तारीख मागणार नाही, शब्द देतो."

"आत टाकणार नाहीत, असं लिहून देतील का कुणी?"

"लिहून कसं देतील?"

"मग तो कसा येईल?" आत्या म्हणाली, आणि चिठ्ठी परत घेतली.

एका न्यायालयाचं पुस्तक अजून यायचं होतं, रोजच्या वापरात असल्यामुळे मागे राहिलेलं. काकाची फाइल त्याच न्यायालयात पडून होती. ते पुस्तक दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. आत्याने त्यात एकेक पापणी लावली. काकाच्या कलमावर आली तेव्हा ब्रश डाव्या कडेवर थांबला नाही. तो चिठ्ठीच्या पाठीवरून सगळीकडे फिरला, पाटीचं मोठं अक्षर भरताना फिरावा तसा, चारही कोपऱ्यांपर्यंत. मग तिने चिठ्ठी पानावर ठेवली आणि तळहाताने दाबून धरली. बराच वेळ.

"आत्या," मी म्हटलं, "ही उघडणार नाही."

"नाही उघडणार," ती म्हणाली.

पान स्वच्छ दिसत होतं. कधी काही वेगळं लिहिलेलंच नव्हतं असं.

रविवारी फोन वाजला. काकाला बातमी लागली असेल की योगायोग, मला ठाऊक नाही. आत्याने फोनचा आवाज वाढवून टेबलावर ठेवला, कारण बाबा पेपर खाली न करता ऐकत होते हे तिला माहीत होतं.

"काय ताई, माझं पान बदललं का?"

"बदललं."

पलीकडे कुठेतरी एक गाडी हॉर्न वाजवत गेली. "चेष्टा करतेस."

"तुझी चेष्टा करायला रविवार कशाला खर्च करू? बदललं रे पेंटर. नुसता दंड आहे आता."

मला वाटलं, ती एवढ्यावरच थांबेल. ती थांबली नाही. शेवटची चिठ्ठी, पूर्वीची शिक्षा, तारीखसाहेबांचं बोलणं, सगळं तिने सांगितलं, जसं वाचलं होतं तसं. आपण त्या एका पुस्तकात काय केलं, ते मात्र वगळलं.

"म्हणजे माझ्यापुरतं जुनंच."

"कागदावर. येऊन एकदा उभं राहायचं, चुकलो म्हणायचं, संपलं."

"चुकलो म्हणायचं?"

"म्हण की. जीभ झिजते का?"

"गाढव चांगलं जमलं होतं गं."

"जमलं होतं. मिशी जरा जास्त झाली."

दोघं हसली. बाबांचा पेपरही हलला. मग आत्याने विचारलं, "खोली झाडून ठेवलीय. कधी येतोस?"

इतकी वर्षं तो प्रश्न विचारत होता आणि ती उत्तर देत होती. आज पहिल्यांदा प्रश्न तिचा होता.

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो म्हणजे?"

"ताई, इथे दुकान आहे माझं. तुला सांगितलं नव्हतं. पाटी मीच रंगवलीय, चांगली मोठी. वर नाव दुसरंच आहे. सगळे त्याच नावाने हाक मारतात. आता झोपेत हाक मारली तरी मी त्यालाच ओ देतो."

"आत्ता मी पेंटर म्हटलं, त्याला दिलीस ना ओ?"

"हो," तो म्हणाला. "ते तेवढं तुझ्याकडेच राहिलंय."

आत्याने टेबलावरची न दिसणारी धूळ बोटाने पुसली. कलम बदललं की तो येईल, एवढंच तिने धरून ठेवलं होतं. कलमाच्या पलीकडे काही असेल, तर त्यावर चिठ्ठी येत नाही.

"ताई, माझा तो चपटा ब्रश आहे का गं अजून?"

"आहे. केस गळालेत त्याचे."

"माझेही."

"मग शोभताय एकमेकांना."

"फेकू नकोस," तो म्हणाला. मग फोन बंद झाला, किंवा त्याने बंद केला.

सोमवारी मी ग्रंथालयात गेले तेव्हा व्हरांड्यात पातेलं उकळत होतं, पण त्यात मैदा नव्हता, नुसतं पाणी. आत्याने ते पुस्तक वाफेवर धरलं होतं. खळ सैल पडली तशी तिने बोथट सुरी चिठ्ठीखाली घातली आणि केसाएवढी केसाएवढी सरकवत नेली. चिठ्ठी न फाटता उठली. खालचा जुना मजकूर ओला, जरा फुगलेला, पण एकही अक्षर न पुसलेला. ती तोच बघत होती.

"का काढलीस?" मी विचारलं.

"आणखी कुणाकुणाचे जुने खटले असतील त्या कोर्टात. त्यांना वाचायला लागेल."

तेवढ्यात तारीखसाहेब आले. "खळबाई, आमच्या कोर्टाचं पुस्तक कुठाय? न्यायाधीश विचारतात."

"वाळतंय."

"तुमची चिठ्ठी दोनदा वाळताना कधी पाहिली नाही."

"पूर्ण चिकटली होती."

"चुकून?"

"नाही."

त्यांनी उघडं पान बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. "सरकारी मजकूर झाकणं," ते हळूच म्हणाले, "कोणत्या कलमात बसतं, ठाऊक आहे ना?"

"याच पानावर आहे," आत्या म्हणाली. "आणि मी आत्ता केलंय, जुनं नाही. मला नुसता दंड."

त्यांना हसू आलं, पण ते पुरतं चेहऱ्यावर पोचलं नाही. चष्मा पुसत ते म्हणाले, "सांगतो त्यांना, दुपारनंतर मिळेल." आणि गेले. आत्याने वाळलेली चिठ्ठी पुन्हा घेतली, डाव्या कडेला बोटभर खळ लावली, पानावर ठेवली. नखाने एकदा उचलून बघितली. उघडत होती.

परत येताना तिने वाटेतल्या दुकानातून एक साधा ब्रश घेतला. घरी आल्यावर काकाचा ब्रश पिशवीतून काढला. गरम पाण्यात, साबणात, पुन्हा गरम पाण्यात धुतला. मुळाशी बसलेली खळ बोटांनी सोडवली. तिच्याखाली लाकडाच्या सांध्यात पिवळ्या रंगाची एक कड निघाली, सूर्यफुलाची असावी. तिला तिने हात लावला नाही. केस बोटांनी सरळ केले आणि ब्रश पेल्यात उभा करून दुकानामागच्या खोलीच्या खिडकीत ठेवला.

बाबांचं दाढीचं सामान त्या खिडकीत असायचं. सकाळी ते आत गेले. आता हे इथे कुणी ठेवलं म्हणून ओरडतील, असं मला वाटलं. त्यांनी आपला आरसा आणि वाटी एका बाजूला सरकवली, पेल्याला नीट जागा केली आणि दाढी करायला बसले.

इतक्या वर्षांत तो ब्रश कोरडा मी प्रथमच पाहत होते. केस वाळून फुलले होते, आणि होते त्याहून पुष्कळ दाट वाटत होते.